मुतखड्याच्या स्कोपचा बाजार कसा वाचायचा आणि आपल्या ओटीसाठी (ऑपरेशन थिएटरसाठी) स्कोप कसा घ्यायचा

तालुक्याच्या गावापर्यंत आता युरॉलॉजीची छोटी हॉस्पिटलं पोचलीत, आणि तिथे खरेदी बघणारा माणूस बरेचदा डॉक्टरांचा भाऊ असतो, मिसेस असतात, नाहीतर फार्मसी सांभाळणारा एखादा जुना माणूस. डीलर येतो, चहा होतो, लॅपटॉप उघडतो आणि पहिल्याच स्लाईडवर ग्लोबल मार्केटचा वर चढत जाणारा ग्राफ, इतके बिलियन डॉलर, तितके टक्के सीएजीआर (दरसालची सरासरी वाढ), आणि मग ठरलेलं वाक्य, "सर, आता सगळं जग सिंगल यूजकडे चाललंय", म्हणजे एकदा वापरून टाकायच्या स्कोपकडे. जग चाललं असेल हो, पण आपण त्याच्यामागे जायचं का हे त्या ग्राफमधून कळत नाही. म्हणून हे लिहितोय. तो ग्राफ कसा वाचायचा, आणि मग खिशातले पैसे कुठे घालायचे.

आधी स्कोप, म्हणजे आत घालून बघायच्या दुर्बिणी, कोणते ते पटकन सांगतो, ज्यांना माहीत आहे त्यांनी पुढे जा. मूत्रवाहिनीतल्या खड्यासाठी सेमी-रिजिड युरेटरोस्कोप, ज्याला सगळे नुसतं यूआरएस म्हणतात. पाठीतून छिद्र पाडून मोठा खडा काढायचा म्हणजे पीसीएनएल, त्याला नेफ्रोस्कोप. आणि लघवीच्या वाटेनेच वर किडनीपर्यंत जाऊन कोपऱ्यातला खडा लेझरने फोडायचा म्हणजे आरआयआरएस, त्याला फ्लेक्सिबल युरेटरोस्कोप, ओटीच्या भाषेत फ्लेक्सी. साधारण नियम असा की किडनीतला खडा २ सेंटीमीटरपेक्षा मोठा असेल तर पीसीएनएल, त्याच्या आत असेल तर आरआयआरएस नाहीतर बाहेरून शॉकवेव्ह. मापं फ्रेंचमध्ये सांगतात, १ फ्रेंच म्हणजे मिलीमीटरचा तिसरा हिस्सा, म्हणजे ९.५ फ्रेंचचा स्कोप झाला सव्वातीन मिलीमीटरच्या जरा आत.

आता पहिली गोष्ट. तुमच्याकडे येणारे पेशंट कोणते ते रजिस्टर काढून मोजा. मागच्या वर्षभरात यूआरएस किती, पीसीएनएल किती, आणि आरआयआरएससाठी मोठ्या शहरात किती पाठवले. बऱ्याच ठिकाणी असं दिसतं की मूत्रवाहिनीतलेच खडे जास्त, आणि ते काम सेमी-रिजिड स्कोप आणि एक न्यूमॅटिक लिथोट्रिप्टर (हवेच्या दाबाने खडा फोडायचं यंत्र) वर्षानुवर्षं निमूट करत असतात. बहुतेक सेमी-रिजिड स्कोप ऑटोक्लेव्हला, म्हणजे वाफेने निर्जंतुक करायला, चालतात (मॅन्युअल बघून घ्या तरी), नीट हाताळले तर खूप टिकतात, आणि म्हणूनच त्यांच्याबद्दल कोणी स्लाईड दाखवत नाही. ग्राफमधली सगळी झगमग फ्लेक्सीची आहे कारण तो तुटतो, आणि जी वस्तू तुटते तिचाच धंदा वाढतो.

बाजाराचा रिपोर्ट वाचायचा कसा

इंटरनेटवर युरेटरोस्कोप मार्केटचे रिपोर्ट ढीगभर सापडतात, आणि त्यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत. याचं कारण सोपं आहे, एकजण फक्त फ्लेक्सी धरतो, दुसरा त्यात सेमी-रिजिड आणि नेफ्रोस्कोप घालतो, तिसरा लेझर, बास्केट (खडा पकडायची जाळी), गाईडवायर (स्कोपला वाट दाखवणारी तार) सगळंच एका पोत्यात भरतो. तेव्हा आकडा बघायच्या आधी त्यात काय काय मोजलंय ते बघा, आणि ते लिहिलेलंच नसेल तर तो रिपोर्ट बाजूला ठेवा.

दुसरं म्हणजे या धंद्यातल्या दोन मोठ्या जर्मन कंपन्या, टुटलिंगेनची कार्ल स्टॉर्झ आणि क्निटलिंगेनची रिचर्ड वोल्फ, शेअर बाजारात नाहीतच, खाजगी आहेत. त्यामुळे कुठल्या देशात किती फ्लेक्सी स्कोप विकले हे त्या कोणाला सांगत बसत नाहीत, रिपोर्टमध्ये त्यांचा वाटा दिला असेल तर तो अंदाज समजा. ऑलिम्पस टोकियोच्या बाजारात आहे, तिचे आकडे मिळतात पण तिचा मोठा धंदा पोटाच्या स्कोपचा. बोस्टन सायंटिफिक तिचा युरॉलॉजीचा आकडा देते, पण त्यात प्रोस्टेटची उत्पादनं आहेत, २०२१ मध्ये घेतलेला ल्युमेनिसचा सर्जिकल लेझरचा धंदा आहे, २०२४ मध्ये घेतलेली अॅक्सोनिक्स आहे, आणि अॅक्सोनिक्स तर लघवीवर ताबा न राहणाऱ्यांसाठीचं यंत्र बनवते, खड्याशी तिचा काही संबंध नाही. म्हणजे "युरॉलॉजी वाढली" म्हणून "स्कोप वाढले" असं धरू नका.

आणि सीएजीआरला घाबरू नका. दरसाल ७ टक्के वाढ म्हणजे साधारण १० वर्षांत दुप्पट, ऐकायला भारी वाटतं, पण लहान आकड्याची दुप्पट लहानच असते. वाढीचा टक्का विचारण्यापेक्षा वाढ कुठून येतेय ते विचारा, कारण खरी गोष्ट तिथे आहे.

सिंगल यूज तिकडे का वाढला

२०१६ मध्ये बोस्टन सायंटिफिकचा लिथोव्ह्यू बाजारात आला, टोकाला कॅमेरा चिप असलेला आणि एकदा वापरून टाकायचा. त्याआधीही असे प्रयत्न झाले होते पण चित्र चांगलं देणारा आणि दोन्ही बाजूंना २७० अंश वळणारा म्हणून हा चालला. तो अमेरिकेत साधारण दीड हजार डॉलरला जायचा. आता एवढे पैसे फेकून द्यायला तिथलं हॉस्पिटल तयार का झालं? कारण त्यांचा वापरून-धुवून-परत-वापरायचा स्कोपसुद्धा स्वस्त पडत नव्हता. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या एका टीमने स्वतःच्या १६० केसेसचा हिशोब छापला, त्यात ११ वेळा स्कोप रिपेअरला गेला आणि खरेदीची किंमत सोडून नुसता रिपेअर-धुलाईचाच खर्च दर केसमागे ८४८ डॉलर आला. त्यांच्या गणितात ९९ केसेसच्या पुढे गेलात तरच रियूजेबल परवडतो. ही ९९ ची रेघ डीलर लोक इथेही सांगतात, पण ती त्यांच्या मजुरीवर आणि त्यांच्या रिपेअरच्या बिलावर काढलेली आहे, आपल्याकडे सीएसएसडीतल्या, म्हणजे निर्जंतुकीकरण विभागातल्या, माणसाचा पगार किती आणि तिकडे किती, तुम्हीच बघा.

मग इन्फेक्शनचा मुद्दा आला. २०१७ मध्येच एका तपासणीत निर्जंतुक करून ठेवलेले १६ फ्लेक्सी स्कोप घासूनपुसून तपासले तर सगळ्याच्या सगळ्यांवर काही ना काही घाण राहिलेली सापडली. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं-उपकरणांवर नजर ठेवणारी सरकारी संस्था) पत्र काढलं, की २०१७ पासून युरॉलॉजीच्या पुन्हा वापरायच्या स्कोपबाबत इन्फेक्शन किंवा स्कोप दूषित असल्याच्या ४५० पेक्षा जास्त तक्रारी आल्या, त्यात अमेरिकेबाहेरचे तीन मृत्यू पण होते. आणि १ जानेवारी २०२३ पासून मेडिकेअरने (तिथली सरकारी आरोग्य विमा योजना) एकदा वापरायच्या मूत्रमार्गाच्या स्कोपला वेगळा कोड देऊन जास्तीचे पैसे द्यायला सुरुवात केली, जास्तीत जास्त तीन वर्षांपर्यंत. बघा, म्हणजे ग्राफ वर गेला त्याच्यामागे महाग मजुरी, सरकारी पत्र आणि सरकारी पैसा असं तिन्ही आहे. आपल्याकडे यातलं पहिलं नाही, तिसरं तर नाहीच नाही. दुसऱ्यामागची इन्फेक्शनची भीती मात्र आहे, ती विसरू नका, पुढे येतोय त्यावर.

दुसऱ्या बाजूने चीन. झुहाईची पुसेन, ग्वांगझूची रेड पाईन, शेनझेनची ह्युजमेड, शांघायची इनोव्हेक्स, अशा बऱ्याच कंपन्यांनी सिंगल यूज स्कोपची किंमत खाली आणली, आणि नुसती किंमतच नाही, ७.५ फ्रेंचसारखे बारीक स्कोप आणले जे आधी महागड्या ब्रँडमध्येच मिळायचे. आपल्याकडे दिसणाऱ्या वेगवेगळ्या नावांच्या डब्यांत बरेचदा यांच्यापैकीच कोणाचा तरी माल असतो, तेव्हा डब्यावरचं ब्रँडचं नाव वाचू नका, मूळ उत्पादक कोण ते छोट्या अक्षरात लिहिलेलं असतं ते वाचा. सरकारी किंवा ट्रस्टच्या टेंडरवाल्यांसाठी एक जास्तीची गोष्ट, जुलै २०२० पासून भारताला जमिनीची सीमा लागून असलेल्या देशातल्या बोलीदाराला सरकारी खरेदीत आधी नोंदणी लागते, ते न बघता टेंडर उघडलं की सहा महिने फाईल फिरते.

आता आपला हिशोब

स्कोपची किंमत विचारू नका, केसमागे किती पडतो ते काढा. खालचे आकडे मी हिशोब कळावा म्हणून धरलेत, तुमच्या कोटेशनमधले घालून परत करा. समजा रियूजेबल डिजिटल स्कोप १२ लाखाला आला, त्याच्यावर १२० केसेस झाल्या आणि मध्ये दोनदा ३-३ लाखाचं रिपेअर निघालं. झाले १८ लाख, भागिले १२०, म्हणजे १५ हजार, त्यात धुलाई-निर्जंतुकीकरण केसमागे २ हजार धरा, १७ हजार. सिंगल यूज समजा ३० हजाराला, मग तर रियूजेबल डोळे झाकून घ्यावा, नाही का? थांबा. महिन्याला तुमच्याकडे ३ आरआयआरएस होत असतील तर १२० व्हायला ४० महिने लागतात, सव्वातीन वर्षांच्या जरा वर. तेवढ्यात डॉक्टर दुसरा बारीक स्कोप मागायला लागतात, वॉरंटी संपून जाते, आणि ६० केसलाच स्कोप कायमचा गेला तर एक रिपेअर धरून १५ लाख भागिले ६०, म्हणजे २५ हजार, अधिक धुलाई, झाले २७. म्हणजे फरक उरला तीन हजाराचा, आणि वर १२ लाखाचं कर्ज आधीच डोक्यावर.

म्हणून माझं मत असं, महिन्याला दोन-तीन केस असतील तर फ्लेक्सी विकत घेऊच नका, सिंगल यूज मागवा, प्रोसेसरचा (स्कोपचं चित्र पडद्यावर दाखवणारा) डबा बहुतेक कंपन्या वापरायला ठेवून देतात. महिन्याला दहाच्या वर केस असतील आणि सीएसएसडीत एक तरी भरवशाचा माणूस असेल तर रियूजेबल घ्या आणि सोबत दोन-चार सिंगल यूज कपाटात ठेवा, इन्फेक्टेड लघवीचा पेशंट असेल किंवा किडनीच्या खालच्या कप्प्यातला वाकड्या जागेचा खडा असेल, जिथे स्कोप मोडायची भीती जास्त, तिथे ते काढायचे. मधल्यांनी डीलरकडून केसवारी भाड्याचा रेट घ्यावा, बऱ्याच शहरांत लेझरसकट मिळतो.

पेशंट महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून येणार असतील तर पॅकेजचा रेट आधी समोर ठेवा आणि मग उलटा हिशोब करा, की त्यात ॲनेस्थेशिया, लेझर फायबर, स्टेंट, गाईडवायर, ॲक्सेस शीथ (स्कोप ज्यातून आत जातो ती नळी) धरून स्कोपला किती उरतात. उरले तेच तुमचं बजेट. इम्पोर्टेड मालाच्या कोटेशनमध्ये कस्टम ड्युटी, २०२० च्या बजेटपासून लागलेला हेल्थ सेस आणि जीएसटी आत धरलेत की वर लागणार ते लेखी घ्या, "ऑल इन्क्लुसिव्ह" हे तोंडी सांगितलेलं धरू नका.

आता जे कोणी लिहीत नाही ते. सिंगल यूज स्कोप आपल्याकडे धुवून दोनदा-चारदा वापरतात, आणि डीलरच हळूच सांगतो, "मॅडम, चार-पाच केस आरामात निघतात". यावर हिशोब बसवू नका. त्या स्कोपचं चॅनल (आतली पोकळ नळी), जोड, गोंद हे परत परत धुवायला बनवलेलं नसतं, साफ झालं की नाही तपासायची ठरलेली रीत नसते, काहींमध्ये तर चिप असते जी ठरलेल्या तासांनंतर स्कोप बंद करते. आणि पाचही पेशंटना पूर्ण स्कोपचं बिल लावायचं ही तर सरळ चोरीच झाली. एकाला जरी सेप्सिस झाला तर लेबलवरचं एकदाच वापरायचं चिन्ह कोर्टात तुमच्याविरुद्धच बोलेल. परवडत नसेल तर रियूजेबल घ्या ना.

पर्यावरणाचं म्हणाल तर फेकायचा स्कोप म्हणजे कचराच कचरा असं वाटतं, पण २०१८ च्या एका मोजणीत दोन्हीचा कार्बन केसमागे जवळपास सारखाच निघाला, ४.४३ किलो आणि ४.४७ किलो, कारण धुवायला पाणी, वीज, केमिकल लागतंच. तेव्हा तो मुद्दा सध्या बाजूला ठेवला तरी चालेल.

डेमोत काय बघायचं

डेमो टेबलवर घेऊ नका, टेबलवर सगळेच स्कोप सापासारखे वळतात. चॅनलमध्ये २०० मायक्रॉनचा लेझर फायबर घालून मग वळवा, किती अंश कमी झाला ते बघा, मग २७२ चा घालून बघा. चॅनल बहुतेकांचा ३.६ फ्रेंचच असतो, १.२ मिलीमीटर, त्यात फायबर गेला की पाणी किती कमी येतं तेही बघा, पाणी कमी म्हणजे चित्र धुरकट आणि लेझरने तापणारं पाणी बदलत नाही. हॅंडलची लिव्हर खाली दाबल्यावर टोक वर जातं की खाली, यात दोन पद्धती आहेत आणि ऑर्डर कोड वेगळे असतात, सर्जनचा हात ज्याला बसलाय तोच कोड मागवा, नाहीतर नवा स्कोप महिनाभर शिव्या खातो.

शीथशी जोडी जुळवा. ९.५ फ्रेंचचा स्कोप १०/१२ च्या शीथमध्ये घट्ट जातो, बाजूने पाणी परत यायला जागा उरत नाही आणि किडनीत प्रेशर वाढतं, प्रेशर वाढलं की जंतू रक्तात जायची भीती. त्यापेक्षा ७.५ चा स्कोप त्याच शीथमध्ये मोकळा चालतो. आजकाल सक्शनवाल्या वळणाऱ्या शीथ आल्यात, बारीक स्कोप घेतलात तर त्यांचा फायदा होतो, म्हणून स्कोपच्या आधी शीथ कोणती वापरणार ते सर्जनला विचारा.

फायबर-ऑप्टिक की डिजिटल, तर डिजिटल, चित्राचा फरक सांगायला नको. फायबर-ऑप्टिकमध्ये आतले धागे तुटत गेले की पडद्यावर काळे ठिपके वाढत जातात. फक्त बजेट अगदीच नसेल आणि कॅमेरा आधीच असेल तर फायबर-ऑप्टिक घ्या, वाईट नाही.

स्कोप मरतो कुठे

कंपनीचा इंजिनिअर "हॅंडलिंग डॅमेज" लिहून वॉरंटी नाकारतो, तेव्हा भांडण्यापेक्षा आधी हे माहीत असू द्या. पहिलं, लेझर चॅनलच्या आतच सुटणं, फायबरचं टोक पडद्यावर दिसल्याशिवाय पॅडल दाबायचं नाही, एवढ्याने चॅनल वाचतो. दुसरं, वाकवलेल्या स्कोपमध्ये फायबर जोर लावून घालणं, आधी सरळ करा, फायबर घाला, मग वळवा. खालच्या कप्प्यातला खडा जमेल तेव्हा बास्केटने उचलून वरच्या कप्प्यात आणून फोडायचा, स्कोपचं आयुष्य वाढतं. तिसरं, धुताना. लीक टेस्ट (हवा भरून भोक आहे का ते बघणं) न करता पाण्यात बुडवला आणि रबरला टाचणीएवढं भोक असलं तर पाणी चिपपर्यंत गेलंच समजा.

ईटीओची, म्हणजे गॅसने निर्जंतुक करतानाची, टोपी हा एक वेगळाच किस्सा आहे. ईटीओ किंवा प्लाझ्मात टाकताना हवा जायची व्हेंट कॅप लावायची, आणि पाण्यात बुडवताना तीच काढायची. उलट झालं तर एकात बाहेरचं आवरण फुगून फाटतं आणि दुसऱ्यात आत पाणी शिरतं. हे सीएसएसडीच्या भिंतीवर मराठीत मोठ्या अक्षरात लिहून लावा, इंग्रजी मॅन्युअल कपाटात पडून राहतं. ज्यांच्याकडे सिडेक्स ओपीए (स्कोप बुडवून ठेवायचं जंतुनाशक) वापरतात त्यांनी लक्षात ठेवा, ब्लॅडर कॅन्सरचा इतिहास असलेल्या पेशंटसाठीच्या युरॉलॉजीच्या स्कोपला ते चालत नाही, जोराची ॲलर्जी आल्याच्या नोंदी आहेत. आणि कुठलंही केमिकल असो, आधी एन्झाइम आणि ब्रशने चॅनल घासलेलाच पाहिजे, घाणीवर केमिकल ओतून काही होत नाही. ४५० तक्रारींचा धडा आपल्यासाठी इथे आहे, अमेरिकेचा ग्राफ राहू दे तिकडे.

ऑर्डर देताना कागदावर काय हवं

आयातदाराचं सीडीएससीओचं (केंद्राच्या औषध नियंत्रण संस्थेचं) इम्पोर्ट लायसन्स, त्यात तुमच्या मॉडेलचं नाव आहे का ते बघा, नुसतं कंपनीचं नाव असून चालत नाही. सर्व्हिस सेंटर भारतात कुठे आहे आणि स्कोप तिथेच उघडतात की परदेशात पाठवतात, हे विचारा, कारण पाठवला तर महिने जातात. रिपेअरला गेला की किती दिवसांत लोनर (तोवर वापरायला उसना) स्कोप देणार, ते दिवस लिहून घ्या आणि नाही दिला तर सीएमसीचे (सुट्या भागांसकट देखभालीच्या कराराचे) दिवस पुढे ढकलले जातील असं कलम टाका. रिपेअर म्हणजे तोच स्कोप दुरुस्त होऊन येणार की दुसरा एक्स्चेंज देणार, एक्स्चेंजचा रेट आज कोटेशनमध्ये गोठवून घ्या, तीन वर्षांनी तोच रेट नव्या स्कोपच्या अर्ध्यावर जाऊन बसतो. सिंगल यूज असेल तर एक्स्पायरी कमीत कमी किती शिल्लक असलेला माल येणार ते लिहा, सहा महिन्यांचा माल स्वस्तात देऊन गोडाऊन रिकामं करणारे असतात.

सीएमसीत "फिजिकल डॅमेज वगळून" अशी ओळ असेल तर ती खोडा किंवा सही करू नका, फ्लेक्सीला होतं ते सगळं फिजिकल डॅमेजच असतं. माल आला की बॉक्स सेल्समनच्या समोर उघडा, सिरियल नंबर बिलाशी जुळवा, तिथल्या तिथे लीक टेस्ट करून त्याची सही घ्या, आणि त्याच दिवसापासून एक वही सुरू करा, तारीख, केस, कुठल्या कप्प्यातला खडा, किती वेळ स्कोप आत होता, कोणी धुतला, लीक टेस्ट पास की नाही. पुढच्या वेळी डीलर ग्राफ घेऊन आला की त्याच्या लॅपटॉपशेजारी ही वही उघडून ठेवा आणि तुमच्या केसमागच्या आकड्यावर रेट मागा.